ऋण काढून सण... मग बारा महिने शिमगा!

इंग्लंडमधल्या पोर्टस्मथ फुटबॉल क्लबने २००८ साली देशातला सर्वांत जुना चषक जिंकला आणि पाचच वर्षांत तो थेट चौथ्या श्रेणीत जाऊन आदळला. मालक आले, मालक गेले, मागे राहिली ती थकलेली बिलं. शेवटी क्लबचं दिवाळं निघता निघता वाचलं ते कुणा कुबेरामुळे नव्हे, तर तिकीट काढून मॅच बघणाऱ्या साध्या माणसांमुळे!

१० ऑगस्ट २०१२, शुक्रवार. लंडनमध्ये ऑलिंपिक शेवटच्या टप्प्यात आलेलं. सगळं इंग्लंड पदकं मोजण्यात दंग. दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टस्मथ शहरातली फुटबॉलवेडी मंडळी मात्र वेगळ्याच बातमीकडे डोळे लावून बसली होती. आपल्या क्लबमधला शेवटचा बडा खेळाडू क्लब सोडून जातो की नाही?

आणि गंमत म्हणजे, तो जावा म्हणूनच सगळे देव पाण्यात घालून बसले होते!

कारण सरळ होतं. क्लबच्या तिजोरीत खडखडाट होता. जुन्या, भरमसाट पगारांचे करार मात्र अजून जिवंत होते. क्लबचा कारभार पाहणारे प्रशासक ट्रेव्हर बर्च यांनी स्पष्टच बजावलं होतं: मोठ्या पगाराचे सगळे खेळाडू गेले तर क्लब राहील, नाही तर कुलूप लागेल. एकेक जण तडजोड करून बाहेर पडला. त्या शुक्रवारी इस्रायलचा बचावपटू ताल बेन हाईम यानेही तडजोड मान्य केली. क्लब वाचला. पण आता त्याच्याकडे संघच उरला नव्हता आणि मोसमातला पहिला सामना होता चार दिवसांवर.

शंभरी ओलांडलेल्या क्लबवर अशी पाळी आली तरी कशी?

गोदीवाल्यांचा क्लब

पोर्टस्मथ हे ब्रिटिश नौदलाचं जुनं ठाणं. सेनापती नेल्सनचं 'व्हिक्टरी' हे जहाज आजही इथल्या गोदीत जपून ठेवलंय. चार्ल्स डिकन्सचा जन्म याच शहरातला. शेरलॉक होम्सचे जनक डॉ. कॉनन डॉयल यांनी इथेच दवाखाना थाटला होता आणि फावल्या वेळात ते इथल्या एका हौशी संघाचे गोलरक्षक म्हणून उभे राहायचे! आजचा क्लब त्यानंतरचा, १८९८ सालचा. त्याचं लाडकं नाव 'पॉम्पी'. फ्रॅटन पार्क हे त्याचं घर. दाटीवाटीच्या घरांमध्ये वसलेलं, जेमतेम वीस हजार प्रेक्षकांचं मैदान.

क्लबने १९३९ साली एफ.ए. कप जिंकला. पाठोपाठ महायुद्ध पेटलं, स्पर्धा थांबली आणि चषक सात वर्षं पोर्टस्मथकडेच राहिला. १९४९ आणि १९५० अशी लागोपाठ दोन वर्षं क्लब देशाचा लीग विजेताही ठरला. पुढे मात्र उतरती कळा लागली. पण बापाने पोराचं बोट धरून फ्रॅटन पार्कवर न्यायचं, हा रिवाज काही मोडला नाही.

चषक घरात, चूल उसनवारीवर

२००६ साली अलेक्झांडर गायदामाक या तरुण धनिकाने क्लब ताब्यात घेतला आणि बघता बघता फ्रॅटन पार्कचं रूपडं पालटलं. मैदान तेच जुनं, पण त्यावर धावणारे पाय लाखमोलाचे. सोल कॅम्पबेल, डेव्हिड जेम्स, लसाना दियारा, सुली मुंतारी, कानू... १७ मे २००८ रोजी वेम्बली स्टेडियमवर कानूच्या एकमेव गोलच्या जोरावर पोर्टस्मथने कार्डिफ सिटीला हरवलं. ६९ वर्षांनी एफ.ए. कप गावात आला. त्याच वर्षी युरोपातल्या स्पर्धेत ए.सी. मिलानसारख्या दिग्गज संघाला फ्रॅटन पार्कवर २-२ असं रोखलं तेव्हा तर शहराला स्वर्ग दोन बोटं उरला!

पण संसाराचं गणित मांडलेल्या कुठल्याही गृहिणीला जे कळलं असतं, ते क्लबच्या कारभाऱ्यांना कळलं नाही, की कळून वळलं नाही, देव जाणे. वीस हजारांच्या मैदानावर तिकिटं विकून किती मिळणार? आणि पगार तर युरोपातल्या बड्या क्लबांच्या तोलाचे. ही तफावत भरून निघत होती ती मालकाच्या पैशाने आणि कर्जाने. मालकाचा हात आखडला तशी गळती लागली. मुंतारी इंटर मिलानला, दियारा रेआल माद्रिदला, जर्मेन डिफो टॉटनहॅमला, ग्लेन जॉन्सन लिव्हरपूलला... कप जिंकून देणारे व्यवस्थापक हॅरी रेडनॅपही ऑक्टोबर २००८ मध्ये टॉटनहॅमला निघून गेले.

२००९-१० या एकाच मोसमात क्लबने चार मालक पाहिले! खेळाडूंचे पगार पुन्हा पुन्हा लांबले. कर खात्याने थकबाकीपोटी क्लब गुंडाळण्यासाठी कोर्टात धाव घेतली. अखेर २६ फेब्रुवारी २०१० रोजी क्लब प्रशासकाच्या हाती गेला. प्रीमियर लीगच्या इतिहासात अशी नामुष्की ओढवलेला हा पहिलाच क्लब. शिक्षा म्हणून नऊ गुण कापले गेले आणि पोर्टस्मथ तळाला जाऊन प्रीमियर लीगमधून बाहेर पडला.

नवल म्हणजे त्याच मोसमात हा कफल्लक संघ पुन्हा एफ.ए. कपच्या अंतिम फेरीत धडकला. उपांत्य फेरीत हरवलं ते कुणाला? तर रेडनॅप यांच्या टॉटनहॅमला! अंतिम सामन्यात मात्र चेल्सीविरुद्ध पेनल्टी वाया गेली आणि पोर्टस्मथ ०-१ असा हरला.

बिलं कुणाची बुडाली?

प्रशासकांनी हिशेब मांडला तेव्हा देणी निघाली सुमारे १२ कोटी पौंडांची. पण आकड्यापेक्षा बोचणारी होती ती देणेकऱ्यांची यादी. त्यात बँका आणि बडे क्लब तर होतेच, शिवाय गावातले छोटे व्यावसायिक होते आणि सामन्याच्या वेळी प्रथमोपचाराला उभी राहणारी सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही सेवाभावी संस्थासुद्धा होती.

यात इंग्लिश फुटबॉलचा एक अजब नियम आड येतो. दिवाळखोर क्लबला लीगमध्ये राहायचं असेल, तर फुटबॉल जगताचं देणं, म्हणजे खेळाडूंचे पगार आणि इतर क्लबांचे पैसे, पुरतं चुकतं करावं लागतं. बाकीच्यांच्या हाती पौंडामागे काही पेन्स पडतात. म्हणजे आठवड्याला हजारो पौंड कमावणाऱ्या खेळाडूचा पै अन् पै सुरक्षित, पण गावातल्या पुरवठादाराच्या बिलावर पाणी! लीगचं म्हणणं असं की, हा नियम नसेल तर एका क्लबचं बुडणं दहा क्लबांना घेऊन बुडेल. युक्तिवाद खोटा नाही. पण ज्याचं बिल बुडालं, तोच शनिवारी तिकीट काढून त्याच क्लबसाठी घसा फोडत होता, हेही खरं.

ठेच लागून तरी शहाणपण यावं ना? जून २०११ मध्ये व्लादिमीर अंतोनोव्ह या रशियन बँकमालकाच्या कंपनीने क्लब घेतला. पुन्हा मोठे पगार, पुन्हा मोठी स्वप्नं. त्याच नोव्हेंबरात लिथुआनियातली त्यांची बँक तिथल्या सरकारने ताब्यात घेतली आणि क्लबच्या पायाखालची सतरंजी ओढली गेली. फेब्रुवारी २०१२ मध्ये दोन वर्षांत दुसऱ्यांदा क्लब प्रशासकाकडे गेला. दहा गुण कापले गेले आणि संघ आणखी एक पायरी घसरून तिसऱ्या श्रेणीत आला.

महिन्याच्या कराराचे शिलेदार

आता पुन्हा त्या ऑगस्टकडे वळू. बडे खेळाडू गेले. १४ ऑगस्टला प्लिमथच्या मैदानावर लीग कपचा सामना होता. व्यवस्थापक मायकेल ॲपलटन यांनी बव्हंशी युवा संघातली पोरं घेऊन संघ उतरवला. निकाल ०-३.

लीगचा पहिला सामना होता १८ तारखेला. त्याच्या तोंडावर, कुठल्याच क्लबशी बांधले न गेलेले खेळाडू गोळा करून घाईघाईने करार झाले, तेही अवघ्या एका महिन्याचे! कुणी दुखापतीतून उठलेला, कुणी उमेदीची वर्षं सरलेला, कुणी चाचणी द्यायला आलेला. पुढच्या महिन्यात आपण इथे असू की नाही, घरभाड्याचं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एकमेकांची नावं नुकतीच पाठ झालेल्या या मंडळींनी बोर्नमथला १-१ असं बरोबरीत रोखलं.

आनंद फार काळ टिकला नाही. नोव्हेंबरात ॲपलटन दुसरीकडे गेले. सूत्रं आली गाय व्हिटिंगहॅम यांच्याकडे. एके काळी लष्करातली नोकरी सोडून पोर्टस्मथसाठी गोलांचा पाऊस पाडणारा हा गावचा लाडका. पण दर महिन्याला बदलणाऱ्या संघाला लय कशी सापडणार? तो हिवाळा विजयाविनाच गेला. त्या हलाखीतही जेड वॉलेससारखा तरुण चमकला आणि ॲडम वेब्स्टर नावाचा पोरगा बचावफळीत उभा राहायला शिकला. याच वेब्स्टरसाठी पुढे २०१९ मध्ये ब्रायटन क्लबने सुमारे दोन कोटी पौंड मोजले.

हजार पौंडांचा मालक

मैदानावर पराभव चालू असताना खरी झुंज मैदानाबाहेर सुरू होती. 'पॉम्पी सपोर्टर्स ट्रस्ट' या चाहत्यांच्या संस्थेने ठरवलं, आता मालक शोधायचा नाही, आपणच मालक व्हायचं! एका भागाची किंमत ठेवली एक हजार पौंड. त्या वेळच्या दराने ऐंशी हजार रुपयांहून थोडी अधिक. ज्यांना एकट्याने झेपत नव्हतं, त्यांनी मित्रांनी, नातलगांनी मिळून वर्गणी काढली. दोन हजारांहून जास्त लोक पुढे आले. काही सधन चाहत्यांनी मोठी रक्कम घातली, शहराच्या नगर परिषदेने कर्ज दिलं.

या पैशावर व्याज नव्हतं, नफ्याची आशा नव्हती. उद्या क्लब बुडाला तर हजार पौंडही बुडणार, हे देणाऱ्याला पक्कं माहीत होतं. म्हणजे गुंतवणूक म्हणून पाहिलं तर शुद्ध वेडेपणाच!

अडसर होता तो फ्रॅटन पार्कचा. आधीचे एक मालक, हाँगकाँगस्थित उद्योजक बलराम चैनराय यांच्या कंपनीकडे मैदान कर्जापोटी तारण होतं. किंमतीवरून घोडं अडलं आणि प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेलं. १० एप्रिल २०१३ रोजी तीस लाख पौंडांवर तडजोड झाली. नऊ दिवसांनी क्लब रीतसर चाहत्यांचा झाला.

तोवर संघ मात्र चौथ्या श्रेणीत घसरला होता. वेम्बलीवर चषक उंचावला त्याला पाच वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

अंथरूण पाहून पाय

नव्या कारभाऱ्यांनी पहिला नियम घालून घेतला: जेवढं येईल तेवढंच खर्च करायचं. चौथ्या श्रेणीत पडलेल्या क्लबची दहा हजारांहून अधिक मोसमी तिकिटं हातोहात खपली. खालच्या श्रेणीतले साधे खेळाडू, उसनवार आणलेले काही, घरच्या अकादमीतले काही, अशी मोट बांधायला सुरुवात झाली. लगेच यश आलं असं नाही. पहिल्याच मोसमात दोन व्यवस्थापकांना नारळ मिळाला. संघ आणखी खाली, लीगच्याच बाहेर फेकला जाण्याची भीती होती. क्लबचेच जुने खेळाडू अँडी ऑफर्ड यांनी अखेरच्या टप्प्यात सूत्रं घेऊन गाडी सावरली.

ताळेबंद मात्र दरमहा सुधारत होता. सप्टेंबर २०१४ मध्ये क्लबने जुन्या देण्यांचे ठरलेले हप्ते मुदतीआधीच फेडले आणि तो कर्जमुक्त झाला. २०१५ मध्ये पॉल कुक व्यवस्थापक म्हणून आले आणि ६ मे २०१७ रोजी, मोसमाच्या शेवटच्या दिवशी, पोर्टस्मथने चेल्टनहॅमला ६-१ असं लोळवून गोलफरकाने चौथ्या श्रेणीचं विजेतेपद पटकावलं.

मग एक अवघड प्रश्न उभा राहिला. वॉल्ट डिस्ने कंपनीचे माजी प्रमुख मायकेल आयस्नर यांनी ५६ लाख ७० हजार पौंडांना क्लब मागितला, वर एक कोटी पौंड ओतायची तयारी दाखवली. शंभरीपार मैदानाची दुरुस्ती लाखो पौंडांची होती आणि वरच्या श्रेणीतल्या स्पर्धेला चाहत्यांची वर्गणी पुरणारी नव्हती. पण मालकांनी पोळलेल्या गावाने पुन्हा मालक आणायचा? घराघरांत वाद रंगले. मतदान झालं. ८० टक्क्यांहून अधिक मतं विक्रीच्या बाजूने पडली. ज्यांनी क्लब जीव लावून वाचवला, त्यांनीच तो दुसऱ्याच्या हाती सोपवला. मात्र क्लबच्या वारशाबाबत चाहत्यांचा शब्द राहील, अशी तजवीज करूनच.

निर्णय निदान आतापर्यंत तरी चुकलेला नाही. २०२४ मध्ये जॉन मुसिन्हो यांच्या संघाने तिसऱ्या श्रेणीचं विजेतेपद मिळवलं आणि १२ वर्षांनी क्लब दुसऱ्या श्रेणीत परतला. पुढच्या मोसमात तिथे टिकलाही.

सगळ्यांचंच नशीब असं नसतं. इंग्लंडमधलाच बरी हा जुना क्लब २०१९ मध्ये कर्जापायी लीगमधून बाहेर काढला गेला. अशा प्रकारांनंतर ब्रिटिश संसदेने २०२५ मध्ये कायदा करून फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमला. मालक होऊ पाहणाऱ्याची पारख करणं आता त्याचं काम. आपल्याकडे तर २०१० मध्ये मुंबईचा महिंद्रा युनायटेड आणि २०११ मध्ये फगवाड्याचा जेसीटी हे राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेले संघ कंपन्यांच्या निर्णयानिशी बंद झाले. त्या संघांवर जीव टाकणाऱ्यांना विचारायला कुणी आलं नाही आणि विचारलं असतं तरी हजार-हजार गोळा करायला तशी संस्था हाताशी नव्हती.

पोर्टस्मथची गोष्ट इथेच वेगळी ठरते. चषक काय, आज या घरी, उद्या त्या घरी. खेळाडू बदलतात, मालक बदलतात. शनिवारी त्याच दाराने आत शिरणारा माणूस तेवढा बदलत नाही. क्लबचं खरं भांडवल तोच असतो. आणि गंमत अशी, की कोट्यवधींच्या ताळेबंदात त्याची नोंद कुठल्याच रकान्यात सापडत नाही!