पायाला बांधलेली चिठ्ठी

अभ्यासासाठी ठेवलेला पक्षी काचेमागे ऐटीत बसलेला नसतो. तो कपाटाच्या खणात उताणा पडलेला असतो. आत कापूस भरलेला, डोळ्यांच्या खोबणीतही कापूस, पाय एकावर एक बांधलेले आणि पायांना दोऱ्याने अडकवलेली चिठ्ठी: कुठे मिळाला, कधी, कोणी टिपला, नर की मादी. चिठ्ठी गेली की उरतात ती नुसती पिसं. चिठ्ठी खोटी असली तर मात्र पंचाईत मोठी.

रानपिंगळ्याचंच घ्या. १८७३मध्ये ए. ओ. ह्यूम यांनी या छोट्या घुबडाचं वर्णन केलं. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच. १८८४नंतर त्याचा नमुना मिळाला तो एकच, १९१४चा, गुजरातेतल्या मांडवीचा. टिपणारे होते ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षिअभ्यासक कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. एवढ्या नामांकित माणसावर शंका घेणार कोण? लोकांनी गुजरातेत शोधलं, पक्षी काही दिसला नाही.

पॅमेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ मात्र कातडंच तपासायला बसल्या. एक्स-रे काढले, आतलं भरण पाहिलं. कर्नलसाहेबांनी पक्षी उसवून पुन्हा भरला होता, तरी आधीच्या कारागिराच्या हाताच्या खुणा राहिल्याच होत्या. तो हात होता खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांचा. ब्रिटिश संग्रहालयातला त्यांचा नमुना चोरून त्याला नवी चिठ्ठी बांधली होती! पराक्रमी म्हणून मिरवलेल्या माणसाचा हा उद्योग. एका जातीचा माग त्याने कित्येक वर्षं चुकवला.

मांडवी बाद झाली, राहिल्या खऱ्या चिठ्ठ्या. रासमुसेन आणि त्यांचे साथीदार बेन किंग व डेव्हिड अॅबट यांनी आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणं पालथी घातली, हाती काही लागलं नाही. मग ते खानदेशात आले. नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ, भर उजेडात, झाडावर रानपिंगळा बसलेला होता.

जिवंत पक्षी मिळाल्यावर खरं जीवशास्त्र सुरू झालं. गावाजवळच्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके ठळक असतात, याच्या डोक्यावर जेमतेम. नखं दणकट. हा दिवसाही शिकार करतो, सरडे-पाली, उंदीर, किडे खातो, झाडाच्या ढोलीत घरटं करतो. मेळघाट, तोरणमाळ, यावल इथल्या सागाच्या रानांत तो सापडत गेला. २०१४मध्ये तर तो थेट तानसा अभयारण्यात दिसला, म्हणजे मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावाच्या काठच्या जंगलात.