शीर्षकाला शीर्षक म्हणा
संगणकावरचं मराठी : भाग ७

मागच्या महिन्यात यवतमाळातली एक विद्यार्थिनी प्रकल्पाची फाइल घेऊन माझ्याकडे आली. विषय होता यवतमाळ जिल्ह्यातले १६ तालुके. प्रत्येक तालुक्याचं एक प्रकरण आणि त्यात नद्या, पिकं, बाजारपेठ, लोकजीवन अशी उपशीर्षकं. मार्गदर्शकांनी एवढंच सांगितलं होतं, शीर्षकं जरा मोठी करा. त्यापायी तिची अख्खी रात्र गेली. एकेक शीर्षक माउसनं निवडायचं, ठळक करायचं, आकार वाढवायचा. सकाळी वणी १८चं झालेलं, मारेगाव १६वरच राहिलेलं आणि झरी जामणी ठळकच नाही. अनुक्रमणिका ठिपक्यांसकट हातानं टाइप केलेली होती. शीर्षकं वाढली तसा मजकूर खाली सरकला आणि पानांचे आकडे चुकले.

‘सर, मी तं सगळी शीर्षकं बोल्ड केली होती,’ ती म्हणाली.

केली होती, हे खरंच. पण ठळक अक्षर म्हणजे शीर्षक, हे तिला आणि मला कळतं. संगणकाला त्या ओळीत फक्त जाड अक्षरं दिसतात. ही ओळ प्रकरणाचं शीर्षक आहे, असं त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. ते सांगण्याची सोय म्हणजे परिच्छेदाची स्टाइल.

ही रीत संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८मध्ये यवतमाळातून ‘लोकमत’ साप्ताहिक सुरू केलं, तो काळ शिशाच्या खिळ्यांचा. हस्तलिखिताच्या समासात मथळा, पोटमथळा, मजकूर अशी खूण असली की कोणत्या केसमधले खिळे उचलायचे आणि ओळींमध्ये किती जागा सोडायची, हे जुळाऱ्याला समजायचं. स्टाइल ही तीच समासातली खूण.

तालुक्याच्या नावाला ‘हेडिंग १’, नद्या-पिकांना ‘हेडिंग २’, साध्या परिच्छेदाला ‘बॉडी टेक्स्ट’ द्या. बहुतेक प्रकल्पांना एवढ्या तीन स्टाइल पुरतात. स्टाइल देताना ओळ निवडायची गरज नसते. कर्सर त्या परिच्छेदात कुठेही ठेवा आणि स्टाइलच्या नावावर क्लिक करा. लिबरऑफिस रायटरच्या बाजूच्या यादीत डबल क्लिक. वर्डमध्ये तर अर्धवट निवड नडते. ‘बाभूळगाव तालुका’ यातला ‘बाभूळगाव’ एवढाच शब्द निवडून ‘हेडिंग १’ दिलंत, तर स्टाइल तेवढ्याच शब्दाला लागते आणि अनुक्रमणिकेतही तेवढाच तुकडा येतो. दिसायला फरक थोडा, म्हणून ही चूक छापून हातात येईपर्यंत सापडत नाही.

आता आकार बदलायचा, तर शीर्षकाला हात लावायचा नाही. स्टाइलमध्ये जाऊन ‘मॉडिफाय’ करायचं. एकदा १८ केलं की १६ तालुके एकदम १८चे होतात.

आणि इथेच मराठी लिहिणाऱ्याची फसगत होते. स्टाइलच्या फॉन्टच्या खिडकीत दोन वेगळे आकडे असतात, एक रोमन अक्षरांचा आणि दुसरा ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा. देवनागरी या दुसऱ्या गटात मोडते. आपण वरचा आकडा १८ करतो, ओके म्हणतो आणि शीर्षक तसूभरही हलत नाही. मग माणूस वैतागतो, स्टाइल चालत नाही असं ठरवतो आणि पुन्हा माउसकडे वळतो. कितीतरी जणांनी याच पायरीवर स्टाइलचा नाद सोडलेला मी पाहिला आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं, कारण चूक त्यांची नसते. दुसरा आकडा बदला, फॉन्टही त्याच रकान्यात निवडा. लिबरऑफिसमध्ये तो रकाना दिसतच नसेल, तर ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ची खूण करा.

ओळींमधलं अंतर ठरवताना ‘एक्झॅक्टली’ घेऊ नका. इंग्रजीला ते खपून जातं. आपल्या अक्षरांवर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असतात. आकडा जरा कमी पडला की ‘वर्धा’वरचा रफार छाटला जातो आणि नदीचं नाव ‘वधा’ होऊन बसतं. ‘मल्टिपल’ किंवा ‘ॲट लीस्ट’ ठेवा.

शीर्षकाच्या वर-खाली जागा हवी म्हणून रिकामे एंटर मारायची सवयही मोडायला हवी. आपल्याकडे कपाशी टोबण्याआधी शेतात उभ्या-आडव्या रेघांनी फुल्या पाडतात. अंतर तेव्हाच ठरतं, म्हणून पुढे डवरा दोन्ही बाजूंनी फिरवता येतो. अंदाजानं टोबलेल्या शेतात डवरा आडवा घातला की झाडं जातात. स्टाइलमधली ‘स्पेसिंग’ म्हणजे या फुल्या. परिच्छेदाआधी १२, नंतर ६ असं एकदा ठरवलं की मजकूर कितीही वाढो, अंतर मोडत नाही. रिकाम्या एंटरचं तसं नाही. दोन ओळी वाढल्या की ते पानाच्या डोक्यावर जाऊन बसतात आणि पानाची सुरुवात कोरी दिसते.

जुनी फाइल सुधारताना आधी हातानं केलेली सजावट काढावी लागते, नाहीतर ती स्टाइलवर बसून राहते. शीर्षकांना ‘क्लिअर फॉरमॅटिंग’ बेलाशक वापरा. मजकुरात मात्र जपून, कारण पुस्तकांची नावं तिरकी केली असतील तर तीही सरळ होतात. आणि फाइल युनिकोडमध्ये आहे ना, हे सगळ्यात आधी पाहा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुराला मंगल फॉन्टची स्टाइल दिली की पडद्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ उमटतो. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा.

त्या मुलीची फाइल आम्ही दोघांनी मिळून दुपारी दुरुस्त केली. हातानं केलेली अनुक्रमणिका पुसली, ‘टेबल ऑफ कंटेंट्स’ घातलं. यवतमाळपासून झरी जामणीपर्यंत १६ नावं पानक्रमांकांसह एका रांगेत आली. तिनं केळापूरच्या प्रकरणात पांढरकवड्यावर एक परिच्छेद वाढवला, अनुक्रमणिकेवर उजवं क्लिक करून ‘अपडेट’ केलं आणि पुढचे आकडे बदलताना पाहत राहिली. मग स्वतःहून घाटंजीतही एक परिच्छेद घातला.

पुढच्या आठवड्यात : अनुक्रमणिकेच्या पानांना एक क्रमांकन आणि प्रकरणांना दुसरं कसं द्यायचं.