दर रविवारी पाच मिनिटं!

सेमिस्टर एक्स्चेंज, परदेशातलं मास्टर्स, सहा महिन्यांची इंटर्नशिप... बॅग भरायची यादी सगळ्यांकडे असते. घरी राहणाऱ्या गाडीसाठी काय करायचं, याची यादी मात्र कुणीच करत नाही. आम्हीही केली नव्हती.

तर झालं असं, की मार्चमध्ये दादा मास्टर्ससाठी जर्मनीला गेला. जाताना त्याच्या पेट्रोल हॅचबॅकची किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला, ‘‘दर रविवारी पाच मिनिटं चालू कर, बास!’’ बाबा आयुष्यभर स्कूटरवाले. घरात कारचं लायसन्स दोघांकडेच, दादाकडे आणि माझ्याकडे. मी कॉलेजला स्कूटीने जाते, त्यामुळे कार पार्किंगमध्येच. पण रविवारचा नेम मी चुकवला नाही. खाली जायचं, किल्ली फिरवायची, दोन गाणी ऐकायची, वर यायचं.

गणपती उठून आठवडा झाला असेल. रात्री दोन वाजता आजीला दम लागला. मी किल्ली घेऊन धावत खाली गेले. फिरवली, तर नुसतं ‘टक्’. पुन्हा ‘टक्’. शेवटी शेजारच्या काकांनी त्यांची गाडी काढली. आजी वेळेत दवाखान्यात पोहोचली, आता ठणठणीत आहे. पण त्या दहा मिनिटांत माझे हातपाय गार पडले होते. दारात गाडी आहे, म्हणून आम्ही निर्धास्त होतो ना!

चुकलं कुठे?

गॅरेजवाल्या काकांनी बोनेट उघडलं आणि विचारलं, ‘‘रोज थोडी थोडी चालू करत होता काय?’’ मी अभिमानाने ‘हो’ म्हटलं. ते म्हणाले, ‘‘त्यानंच मेली ती.’’

इंजिन सुरू करताना स्टार्टर बॅटरीतून भरपूर करंट ओढतो. तो भरून निघायला गाडी बऱ्यापैकी पळावी लागते. पाच मिनिटं जागेवर घुरघुरून ते होत नाही, म्हणजे दर रविवारी मी बॅटरीत भर घालत नव्हते, उलट थोडी रिकामी करत होते. वर गाणी! दुसरं म्हणजे, पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन नीट तापलंच नाही तर ती बाहेर न पडता सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साचते, आणि आतून गंज धरतो. त्यात आमचा कोल्हापूरचा पाऊस.

काकांचा सल्ला सरळ होता. एकतर दोन-तीन आठवड्यांतून एकदा अर्धा तास रस्त्यावर चालवा, नाहीतर नीट बंद करून ठेवा. मधलं काही नको.

कागदांचाही तोच हाल

खरा धक्का नंतर बसला. बॅटरी बदलल्यावर कागद काढले, तर विमा मे महिन्यातच संपलेला! आठवणीचे मेसेज दादाच्या इथल्या नंबरवर जात होते आणि ते सिम ड्रॉवरमध्ये बंद पडून होतं. म्हणजे त्या रात्री गाडी सुरू झाली असती, तर मी आजीला घेऊन विम्याशिवाय रस्त्यावर उतरले असते.

सार्वजनिक ठिकाणी गाडी वापरायची तर थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. विमा संपून ९० दिवस उलटले, की साठवलेला नो क्लेम बोनसही जातो. पाच वर्षं क्लेम नसेल तर हा बोनस ५० टक्क्यांपर्यंत पोहोचतो. आमचा असाच गेला. ‘गाडी तर उभीच आहे, विमा कशाला?’ असं वाटतं. पण चोरी, आग, पुराचं पाणी, अंगावर पडलेलं झाड हे उभ्या गाडीलाच गाठतं. त्यासाठी नुसता थर्ड पार्टी विमा पुरत नाही. पीयूसीचीही तारीख बघा. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना ते दरवर्षी लागतं.

आणि गाडी रस्त्याच्या कडेला ठेवून जायचा विचार असेल, तर तो सोडा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस सोडलेली गाडी पोलीस उचलून नेऊ शकतात.

निघण्याआधी एवढं करा

- बॅटरी : आधी काळी (−) वायर काढा, मग लाल. लावताना उलट, लाल आधी आणि काळी शेवटी. गाडीचं मॅन्युअल आधी बघून घ्या.
- पेट्रोल : टाकी भरून ठेवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. टाकीत हवा जितकी कमी, तितकं बरं.
- ऑइल : जुनं झालं असेल तर जाण्याआधीच बदला.
- हँडब्रेक : ओढून ठेवू नका, दमट हवेत लायनर चिकटतात. सपाट जागी गिअरमध्ये उभी करा आणि चाकांना विटा लावा.
- टायर : हवा थोडी जास्त भरा. महिनोन्‌महिने एकाच जागी दाब पडला तर टायर तिथे चपटा होतो. कुणाला तरी अधूनमधून गाडी थोडी ढकलायला सांगा.
- उंदीर : सीटखालचा चिवड्याचा कणही काढा. वायरी कुरतडायला ते तिथूनच येतात.
- कव्हर : कापडी, हवा खेळणारं. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते.
- बाइक असेल तर : डबल स्टँडवर लावा, चेनला ल्यूब मारा. इलेक्ट्रिक स्कूटर साधारण अर्धी चार्ज ठेवा. पूर्ण भरून नको आणि रिकामी तर नकोच.
- कागद : विमा आणि पीयूसीच्या तारखा घरातल्या माणसाच्या मोबाइलमध्ये टाका. फक्त स्वतःच्या नको.

परत आल्यावर लगेच किल्ली फिरवू नका. आधी टायरमधली हवा, ऑइल, ब्रेक आणि बोनेटखालच्या वायरी बघा.

दादाला व्हिडीओ कॉलवर हे सगळं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘मला वाटलं, किल्ली दिली म्हणजे झालं.’’ मलाही तसंच वाटलं होतं. आता दर दुसऱ्या रविवारी मी गाडी पन्हाळ्यापर्यंत नेऊन आणते. आजी पुढच्या सीटवर असते. निघण्याआधी तीच विचारते, ‘‘विमा हाय न्हवं गं?’’