ग्रंथलेखन, ग्रंथव्यवहार आणि आपले नवलेखक

हस्तलिखित पूर्ण झाले की ग्रंथ सिद्ध झाला, असा अनेक नवलेखकांचा समज असतो. वस्तुतः त्यानंतर एक स्वतंत्र व्यवहार सुरू होतो. तो न उमगल्यामुळे कष्टाने लिहिलेली आत्मकथने आणि कवितासंग्रह छापले जाऊनही घरातच पडून राहतात. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही या व्यवहाराला सामोरे जावे लागले होते.

‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ मे १९५६ मधील २५०० व्या बुद्धजयंतीपर्यंत निघावा, अशी त्यांची इच्छा होती. छपाईचा खर्च मात्र सुमारे २०,००० रुपये होता. टाटा न्यासाकडून ३,००० रुपये मिळाले. १४ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून सरकारने सुमारे ५०० प्रती विकत घ्याव्यात, असे सुचविले. जयंतीनिमित्त प्रकाशनांसाठी ठेवलेली रक्कम संपली असल्याचे नेहरूंनी कळविले आणि ते पत्र समितीचे अध्यक्ष डॉ. राधाकृष्णन यांच्याकडे पाठविले. ६ डिसेंबर रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ १९५७ साली मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेज प्रकाशनातर्फे बाहेर पडला. तो त्यांना पाहता आला नाही.

या पत्रातून एक धडा मिळतो. बाबासाहेबांनी सरकारकडे देणगी मागितली नव्हती, तर प्रतींची खरेदी मागितली होती. ग्राहक आधी निश्चित झाला की छपाईचा भार हलका होतो. ‘ग्रंथाली’ या वाचक चळवळीनेही पुढे वाचकांनाच सभासद करून घेतले. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली तेथूनच प्रसिद्ध झाले.

दुसरा धडा १९३६ चा आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने भाषणातील काही मजकूर वगळण्यास सुचविले. बाबासाहेबांनी नकार दिला, परिषद रद्द झाली आणि ते भाषण त्यांनी स्वतः छापले. १,५०० प्रतींची ती आवृत्ती दोन महिन्यांत संपली. स्वखर्चाने छापण्यात धोका असतो, पण शब्दावरचा अधिकार आपल्याकडे राहतो.

आज मात्र नेमके उलट घडताना दिसते. खर्च लेखक करतो आणि हक्क प्रकाशकाकडे जातात. मीरा रोडच्या पूनम सागरसारख्या वसाहतीत राहणारा नवलेखक आयुष्याची बचत देऊन पुस्तक काढतो, पण करारपत्र वाचत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखन होताच हक्क लेखकाचा होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा झाल्यास लेखी व स्वाक्षरी केलेला करार आवश्यक असतो. त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते आणि क्षेत्र नमूद नसेल तर ते भारतापुरते मानले जाते.

म्हणून पैसे देण्यापूर्वी काही गोष्टी लेखी मागाव्यात : किती प्रती छापणार, त्या कोठे विकणार, मानधन किती व केव्हा देणार, शिल्लक प्रती कोणाच्या आणि दुसऱ्या आवृत्तीचा हक्क कोणाचा. ही उत्तरे मिळत नसतील तर तो प्रकाशक नव्हे, केवळ मुद्रणाचा मध्यस्थ समजावा.

आपले दुःख आणि आपला इतिहास आपणच लिहावा, हे आपण शिकलो. लिहिलेले आपल्याच मालकीचे राहावे आणि वाचकापर्यंत पोहोचावे, हेही आता शिकले पाहिजे.