मांडीवर पडलेला हात

लकवा मारलेल्या माणसाला भेटायला गेलं की बहुतेक घरी एकच चित्र दिसतं. ओसरीत व्हीलचेअर, तिच्यात बसलेले काका किंवा काकू आणि मांडीवर ओझं ठेवावं तसा पडलेला एक हात. घरची मंडळी पायाबद्दल भरभरून सांगतात. "काल धरून उभे राहिले", "चार पावलं टाकली". हाताबद्दल मात्र कोणी बोलत नाही. आपण विचारलंच तर उत्तर येतं, "हात तर गेलाच बाई." पाय चालला की माणूस बरा झाला, असा आपला हिशेब. हाताचं काय, दुसरा आहेच की!

मैत्रिणींनो, खरी गोम या दुसऱ्या, चांगल्या हातातच आहे. अमेरिकेतले शास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी माकडांवर प्रयोग करताना एक गोष्ट टिपली होती. एका हाताची संवेदना गेली की माकड तो हात वापरणं सोडून देतं, हलवता येत असला तरी. चांगला हात बांधून ठेवला की मात्र ते नाइलाजाने अधू हात पुढे करतं आणि तो कामाला लागतो. म्हणजे काही अंशी हात गेलेला नसतो, तो न वापरायची सवय लागलेली असते! याच विचारावर माणसांसाठी उपचार तयार झाला. २००६ साली त्याचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. लकवा होऊन तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण त्यात होते. उपचार मिळालेल्यांच्या चांगल्या हातात दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ जाड मोजा घातला आणि अधू हाताकडून रोज कित्येक तास सराव करून घेतला. त्यांच्या हातात झालेली सुधारणा वर्षानंतरही टिकून होती.

हे वाचून कोणी घरच्या घरी सासऱ्यांचा चांगला हात बांधून ठेवू नका बरं. ज्यांचं मनगट आणि बोटं थोडी तरी उचलली जातात त्यांच्यासाठीच हा उपचार आहे, आणि तोही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. पण त्यामागची गोष्ट सगळ्यांनी लक्षात घ्यावी अशी आहे.

लकवा हा शहरातल्या, खुर्चीत बसून काम करणाऱ्यांचा आजार आहे असं आपल्याकडे अजून वाटतं. ते खरं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची नोंद घेतली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात साधारण दर सात मृत्यूंमागे एक लकव्याने झालेला निघाला. इतर कुठल्याही एका कारणापेक्षा जास्त! आपला यवतमाळ जिल्हा काही फार वेगळा नसावा. आणि जे वाचतात त्यांचं पुढे काय? उमरखेड किंवा झरी जामणीच्या गावातून फिजिओथेरपीसाठी यवतमाळला यायचं म्हणजे पेशंटचा, सोबत येणाऱ्याचा आणि मजुरीचा असा तिहेरी दिवस मोडतो. मग दोन-तीन खेपांनंतर जाणं थांबतं. मधल्या काळात कोणी पारव्याचं रक्त चोळायला सांगतं, कोणी दुसऱ्या गावच्या वैदूचा पत्ता देतं. सुधारणेचा वेग पहिल्या तीनेक महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, नेमका तोच वेळ असा जातो. (नंतर काहीच होत नाही असं नाही, फक्त कष्ट जास्त पडतात.)

उरलेलं आपण मायेने बिघडवतो. भरवणं, बटणं लावणं, केस विंचरणं, सगळं आपणच. त्यातून उजवा हात गेला असेल तर आणखी एक अडचण. डाव्या हाताने चारचौघांत जेवायची आपल्याकडे लाज. एक काकू मला म्हणाल्या होत्या, "डाव्या हातानं खाण्यापरीस सुनेनं भरवलेलं बरं." त्यामुळे डावा हात जेवत नाही आणि उजव्याला कोणी बोलावत नाही. खरं तर उजव्या हातात जाड मुठीचा चमचा देऊन, वर चांगल्या हाताचा आधार ठेवून एक-दोन घास तरी त्यालाच घेऊ द्यावेत. सांडेल. सांडू द्यावं.

पण त्याआधी बसणं नीट हवं. आपल्याकडे मिळणाऱ्या व्हीलचेअरची कापडी बैठक काही महिन्यांत झोळीसारखी खचते. माणूस अधू बाजूला कलतो आणि हात खाली लोंबतो. लोंबत्या हाताच्या वजनाने खांद्याचं हाड खोबणीतून सरकायला लागतं, खांद्याच्या टोकाखाली बोटभर खड्डा दिसतो. म्हणून बैठकीवर सपाट फळी आणि त्यावर उशी टाकावी, माणसाला पाठीशी टेकवून बसवावं, पाय पूर्ण टेकलेले असावेत. गावातल्या सुताराकडून दोन्ही हातांच्या दांड्यांवर आडवी बसेल अशी गुळगुळीत फळी करून घ्यावी, पोटाच्या बाजूला अर्धगोल कापलेली. अधू हात कोपरापासून त्या फळीवर, घडी केलेल्या टॉवेलवर, बोटं मोकळी. एवढ्यानेच हात नजरेसमोर येतो. लकव्यात काही जणांना, विशेषतः डावी बाजू गेलेल्यांना, ती बाजू आपली आहे याचाच विसर पडतो. त्यांच्यासाठी हे फार मोलाचं आहे. शिवाय हात चाकात अडकत नाही. संवेदना नसलेल्या हाताची बोटं चाकाच्या काड्यांत सापडली तरी त्यांना कळत नाही. गरम चहाचा कप त्या हाताजवळ ठेवू नये तो याचसाठी.

आणि उठवताना हात धरून ओढायचं नाही, काखेत हात घालून उचलायचंही नाही. हे मी जिथे जाते तिथे सांगते आणि माझ्या डोळ्यांदेखत जावई-मुलगे दोन्ही काखांत हात घालून उचलतात. कमरेला रुंद पट्टा बांधून त्याला धरावं. काही घरांत छताला कप्पी टांगून अधू हात दोरीने वरखाली करवतात. त्याने खांद्याचं दुखणं वाढतं. एकदा खांदा दुखू लागला की माणूस हाताला हातच लावू देत नाही.

फळी लागली की व्यायाम त्याच जागी होतो. चाकांचे ब्रेक लावायचे. फळीवर फडकं, त्यावर अधू हात, वर चांगला हात. ओटा पुसतो तसं पुढे-मागे, गोल. मग दोन्ही हातांची बोटं गुंफून रिकामा गडू पुढे ढकलायचा. बोटांत थोडी हालचाल आली की तुरीचे दाणे एका वाटीतून दुसरीत. अमेरिकेत २००९ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. उपचाराच्या एका बैठकीत हाताच्या उपयोगी हालचाली सरासरी ३२ होतात असं तिच्यात आढळलं. मेंदूला नवी वाट पाडायला मात्र शेकड्यांनी हालचाली लागतात. एवढ्या फक्त घरीच होऊ शकतात. वळलेली मूठ मात्र जबरदस्तीने उघडू नये. हळूहळू मोकळी करून तळवा रोज धुऊन कोरडा करावा.

कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये व्हीलचेअरच्या चाकालाच जोडता येईल असा साधा दांडा तयार केला होता. त्यावर अधू हात ठेवून रबरी पट्ट्यांच्या मदतीने खुर्ची पुढे-मागे झुलवायची. वीज नाही, मोटर नाही. वाचून मला वाटलं, आपल्या वेल्डिंगवाल्याला जमणार नाही का हे? पण खांद्याचा प्रश्न आहे, तज्ज्ञाशिवाय असलं काही करू नये.

तज्ज्ञाशिवाय भागत नाही याचा पुरावाही आहे. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. निम्म्या रुग्णांच्या घरच्यांना व्यायाम शिकवून घरी करवून घ्यायला सांगितलं होतं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक दिसला नाही. हा हिशेब एकट्या हाताचा नव्हता, एकूण परावलंबनाचा होता. पण मला त्यातून एवढं कळतं की बायको-सुनेला चार व्यायाम दाखवून सरकारला मोकळं होता येणार नाही. यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे. सावंगी मेघेला तर फिजिओथेरपीचं महाविद्यालय आहे. महिन्यातून एकदा तरी तिथे दाखवून पुढचा व्यायाम ठरवून घ्यावा. २०१६ च्या कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर व्हीलचेअरपासून एसटीच्या सवलतीपर्यंत बऱ्याच गोष्टींसाठी अर्ज करता येतो. तो कागद आधी करून घ्या.

मला खरी काळजी वाटते ती लकवा झालेल्या बाईची. नवऱ्याला झाला तर बायको दिवसातून चार वेळा व्यायाम करवते. बायकोला झाला तर? सून सकाळी कापूस वेचायला जाते, ती दिवे लागायला येते. आमच्या ओळखीच्या एका आजींचं असंच होतं. त्यांना सुनेने फळीवर थोडा कापूस ठेवून दिला. दिवसभर एकट्याने सरकी काढायची, डाव्या हाताने धरून उजव्या बोटांनी ओढायची. शेजारणी म्हणाल्या, "आजारी माणसाले कायले कामाले लावता?" आजींनी ऐकलं नाही. चार महिन्यांनी त्या वाती वळायला लागल्या. जाड, वाकड्या, एका टोकाला फुगलेल्या. कार्तिकात देवापुढे त्याच लावल्या. सून म्हणाली, "आईच्या वाती तेल लय पेतात."