गिअरबॉक्समधले कॉल

पहाटेच्या गारव्यात ताडोब्याच्या मोहर्ली गेटातून जिप्सी आत शिरते. थोडं पुढं जाऊन ड्रायव्हर अचानक इंजिन बंद करतो. झाडावरून वानर खाकरतं, मग चितळ ओरडतं, आणि पाठोपाठ सांबराची ती दणदणीत हाक. ‘कॉल आहे,’ गाईड कुजबुजतो. वाघ अजून कुणाच्याच नजरेला पडलेला नाही. तरी तो कुठं आहे आणि कुणीकडे निघालाय, हे या दोघांना कळलेलं असतं.

आता गंमत ऐका. तुम्ही बसलाय त्या गाडीच्या पोटातूनही असेच कॉल येत असतात. एकही बोल्ट न उघडता, नुसत्या कानानं, नाकानं आणि डाव्या पायानं आतला बिघाड हेरता येतो.

आधी क्लच घेऊ. इंजिन फिरायचं थांबलं की बंद पडतं, गाडीला मात्र जागोजागी थांबावं लागतं. मग फिरत्याची आणि थांबलेल्याची गाठ मारायची कशी? दोघांच्या मध्ये भाकरीएवढी एक चकती असते, ती क्लच प्लेट. दोन्ही अंगांना घर्षणाचं अस्तर लावलेलं. एका बाजूनं इंजिनाचं फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूनं प्रेशर प्लेट, आणि मध्ये ही दाबून धरलेली. ना दात, ना खिळा. दोन माणसं बसलेली असोत की आठ, सगळा भार नुसत्या घर्षणावर ओढला जातो!

आणि क्लचची खरी करामत पकडण्यात नाही, घसरण्यात आहे. गाडी जागची हलताना प्लेट क्षणभर घसरते, म्हणूनच हिसका बसत नाही. पण या घसरणीची किंमत मोजावी लागते. इंजिनाचा वेग कायम धरला, तर गाडीला जेवढी गतीची ऊर्जा मिळते, साधारण तेवढीच क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. समोर वाघीण रमतगमत चाललीय आणि मागे जिप्सी हाफ क्लचवर रांगतेय, तेव्हा ही उष्णता साठत जाते. त्यात चंद्रपूरचा मे महिना! मग येतो तो जळका, नाकात बसणारा वास. म्हणूनच जाणता ड्रायव्हर अशा वेळी फोर-एल, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा संथ गिअर, लावतो. गाडी आपसूक हळू चालते आणि पाय क्लचवरून उचलता येतो.

अस्तर झिजलं की घसरण थांबतच नाही. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, गाडी मात्र तिथल्या तिथं. खात्री करायचीय? मोकळ्या सपाट जागी, समोर कुणी नाही हे बघून, हँडब्रेक ओढा, वरचा गिअर टाका आणि क्लच सावकाश सोडा. इंजिन गचकन बंद पडलं तर छान. ते निवांत चालत राहिलं, तर प्लेट गेली. ही परीक्षा मात्र एकदाच घ्या. पुन्हापुन्हा घेतली तर परीक्षेतच प्लेट जळायची.

आता गिअरबॉक्स. गिअर बदलताना कोणते गिअर हलतात? पुढं जायच्या गिअरांपैकी एकही नाही! त्यांच्या जोड्या कायम एकमेकींत दात घालून फिरत असतात. तुम्ही दांडा ओढता तेव्हा सरकते ती एक बाही, आणि ती हव्या त्या गिअरला शाफ्टशी जखडते. पण दोघांचे वेग वेगळे. ते जुळवतं पितळेच्या बांगडीसारखं एक कडं, सिंक्रो रिंग. त्याच्या आतल्या बारीक चऱ्या तेलाचा थर कापतात, कडं गिअरच्या उतरत्या कडेला घासतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत वेग एक करतं. १९२८ साली ही युक्ती पहिल्यांदा कॅडिलॅकमध्ये आली. त्याआधी ड्रायव्हरला डबल क्लच मारून पायानंच वेग जुळवावे लागत.

आता कॉल ओळखा. फक्त दुसरा टाकताना ‘खर्र’ होतं? त्या एकाच गिअरचं कडं झिजलंय. कुठलाच गिअर धड पडत नाही? इंजिन बंद करून टाकून बघा. आता लोण्यात सुरी जावी तसा पडला, तर गिअरबॉक्स निर्दोष आहे. क्लच पुरता सुटत नाहीय, आणि जिप्सीसारख्या गाडीत कधीकधी नुसती ढिली केबल ताणून भागतं.

सगळ्यांत सुंदर परीक्षा न्यूट्रलची. गाडी उभी, इंजिन चालू. क्लच दाबला की घरघर सुरू होते? मग दोष रिलीज बेअरिंगचा, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा. उलट, दाबला की घरघर थांबते? मग दुखणं गिअरबॉक्सच्या आत, कारण दाबताच आतले शाफ्ट फिरायचे थांबतात. एक पाय खाली-वर, आणि हजारोंचा प्रश्न निम्मा सुटला!

आलापल्लीहून भामरागडकडे जाताना रानातच गाडी कुरकुरली, तर ड्रायव्हर बॉनेट उघडायच्या आधी हेच करतो. न्यूट्रल. क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मान किंचित कलती. सांबराची हाक ऐकताना असते, अगदी तशीच.