सूक्ष्मलहरी आणि डोळ्यातील भिंग

सूक्ष्मलहरी, म्हणजे सुमारे 300 मेगाहर्ट्झ ते 300 गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या विद्युतचुंबकीय लहरी, शरीरातील पाण्याचे रेणू हलवून उष्णता निर्माण करतात. इतरत्र ही उष्णता रक्तप्रवाह वाहून नेतो, परंतु डोळ्यातील पारदर्शक भिंगाला रक्तवाहिन्याच नसल्यामुळे ती तेथे साचते, आणि तापमान 41 अंश सेल्सिअसच्या आसपास गेल्यास भिंगातील प्रथिने गढूळ होऊन मोतीबिंदू होऊ शकतो, असे सशांवरील प्रयोगांत आढळले. त्या प्रयोगांत दर चौरस मीटरला 1000 वॅटहून अधिक तीव्रता लागली, तर भारताने 2012 मध्ये मोबाइल मनोऱ्यांसाठी ठरवलेली मर्यादा 900 मेगाहर्ट्झला केवळ 0.45 वॅट होती. त्यामुळे मनोऱ्याच्या उष्णतेने मोतीबिंदू होण्याची भीती निराधार ठरते.

छिंदवाड्यातून 2023 मध्ये वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातील पांढुर्णा आणि सौंसर या तहसिलींत संत्र्याच्या बागांत व कपाशीच्या शेतांत राबणाऱ्यांना खरा धोका आहे तो उन्हाचा, कारण सूर्यप्रकाशातील अतिनील, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जांभळ्यापलीकडचे किरण भिंगाच्या बाहेरील थरातील मोतीबिंदूची शक्यता वाढवतात. मनोऱ्यांविषयी होणाऱ्या चर्चेइतके लक्ष रुंद काठाच्या टोपीकडे आणि अतिनील किरण अडवणाऱ्या चष्म्याकडे दिले जाणे निकडीचे आहे. केवळ गडद काच पुरत नाही, कारण तिच्यामागे बाहुली रुंदावून हे किरण अधिकच आत शिरतात.